एअरफ्लोमध्ये जँगोची मॉडेल्स वापरताय? आधी हे वाचा

"डॅग दिसतच नाहीये, वर लाल अक्षरात अ‍ॅप्स अजून लोड झाली नाहीत असं येतंय." हा मेसेज आम्हाला इतक्यांदा आलाय की शेवटी लिहूनच काढलं. एअरफ्लो म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारं टूल, डॅग म्हणजे त्यातली टास्कची साखळी, जँगो म्हणजे पायथॉनचं वेब फ्रेमवर्क आणि मॉडेल म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलासाठी त्यात लिहिलेला क्लास.

मॅनेज डॉट पीवाय शेलमध्ये, म्हणजे जँगोच्या स्वतःच्या कमांड विंडोत, तोच कोड मस्त चालतो कारण तिथे जँगो स्वतःच सगळं लोड करून घेतं. एअरफ्लोला तुमचं जँगो माहीतच नसतं. आधी सेटिंग्ज कुठे आहेत ते सांगायचं, मग जँगो डॉट सेटअप, मग मॉडेलचं इम्पोर्ट. क्रम चुकला की एरर.

इथवर बरेच जण स्वतःच पोचतात, खरा घोळ पुढे आहे. एरर गेली म्हणून खुश होऊन सेटअप, इम्पोर्ट सगळं डॅग फाइलच्या अगदी वर टाकतात, आणि जोडीला डेटाबेसमधून माहिती काढणारी एखादी क्वेरीपण, म्हणजे चालू ग्राहकांची यादी काढून प्रत्येकाचा एक टास्क वगैरे. चालतं की! पण ती फाइल फक्त डॅग रन होतानाच वाचली जात नाही हो, डिफॉल्ट सेटिंगला एअरफ्लो ती साधारण दर ३० सेकंदांनी परत पार्स करतं (वाचून चालवून बघतं), म्हणजे डॅग रात्री एकदाच चालत असला तरी ती क्वेरी दिवसाला २८८० वेळा लाइव्ह डेटाबेसवर जाऊन आदळते, आणि मग साइट स्लो झाली म्हणून फोन आम्हाला. सेटअप, इम्पोर्ट, क्वेरी, तिन्ही टास्कच्या फंक्शनच्या आत ठेवा.

एका टास्कमधून दुसऱ्यात मॉडेलचा ऑब्जेक्ट पाठवू नका, आयडी पाठवा. आणि बल्क क्रिएट केलं (एका झटक्यात अनेक नोंदी घातल्या) तर तुमचं सेव्ह आणि सिग्नल्स (नोंद सेव्ह होताना आपोआप चालणारा कोड) चालत नाहीत, ते एअरफ्लोचं नाही, जँगोचंच आहे.

"तुम्ही मॅनेजमेंट कमांड का लिहायला लावता, काम वाढतं" असंही ऐकतो, कारण मोठ्या कामासाठी आम्ही मॅनेजमेंट कमांड, म्हणजे मॅनेज डॉट पीवायने चालणारी आपली स्क्रिप्ट, लिहायला सांगतो. वाढतं थोडं, मान्य. पण एअरफ्लोची स्वतःची पॅकेजेस इतकी आहेत की एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये दोघांना कोंबलं तर एक अपग्रेड केलं की दुसरं रुसतं. म्हणून आम्ही जँगोचं व्हर्च्युअल एन्व्ह वेगळं ठेवतो आणि बॅश ऑपरेटरने (टर्मिनलची कमांड चालवणाऱ्या एअरफ्लोच्या टास्कने) ती कमांड बोलावतो, शिवाय एअरफ्लो बंद असलं तरी तीच कमांड हाताने चालवता येते. छोट्याशा टास्कसाठी एवढा खटाटोप नको, तिथे वरचा उपाय पुरे.

आमचं मेंटेनन्स घेतलेल्यांचं जुनं डॅग फोल्डर आम्ही वेगळे पैसे न लावता बघून देतो. फक्त स्क्रीनशॉट नको, पूर्ण लॉग आणि फाइल पाठवा, आणि त्यातले पासवर्ड काढून.