सिद्धेश्वर तळ्याची चक्कर आणि कॉम्प्लेक्स अॅनालिसिस

पुतणी इथंच सोलापुरात एमेस्सी मॅथ्स करतेय, परवा कडक भाकरी मोडता मोडता म्हणाली, "काका, संख्याच काल्पनिक, मग तिच्यावर कॉम्प्लेक्स अॅनालिसिसचा अख्खा पेपर कशाला?" दोष तिचा नाही, नावाचा आहे. फ्रेंच गणिती देकार्तनं १६३७ मध्ये 'इमॅजिनरी' म्हटलं ते चिकटलं. ही संख्या म्हणजे आय. आयनं गुणायचं म्हणजे बाण ९० अंशांत वळवायचा, दोनदा वळवला की उलटा होतो, म्हणून आयचा वर्ग उणे १. यात काल्पनिक काय?

खरी गंमत पुढं आहे. समजा तुम्ही तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात उभे आहात, मित्र तळ्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं वेडावाकडा फिरतोय आणि तुम्ही त्याच्यावर बोट रोखलंय. त्याचं प्रत्येक पाऊल भागिले तुमच्यापासून तो आहे ते अंतर, दोन्ही दिशेसकट, हा भागाकार केला की दोन तुकडे पडतात. अंतर किती पटीनं बदललं हा रिअल, म्हणजे आय नसलेला भाग, बोट किती वळलं हा आयवाला भाग. चक्कर पुरी झाली, तो निघाला तिथं परत आला, म्हणजे अंतराची वाढ-घट फिटली. बोट मात्र पूर्ण एक फेरा फिरलं, ३६० अंश, म्हणजे रेडियनमध्ये २ पाय! तुमच्यापासून मित्रापर्यंतचा बाण झेड म्हणा, म्हणून १ भागिले झेडचं इंटिग्रल, म्हणजे या सगळ्या भागाकारांची बेरीज, २ पाय आय, मग रस्ता कसाही असू दे. तुम्ही चकरीबाहेर, स्टेशनवर उभं राहून हेच केलं तर बोट थोडं इकडं थोडं तिकडं होऊन जाग्यावर येतं, बेरीज शून्य. फ्रेंच गणिती कोशीचं १८२५ मधलं थिअरम याच घरातलं.

(आता 'पूर्वजांना प्रदक्षिणेतून हे ठाऊक होतं' असा फॉरवर्ड कुणी काढू नका. प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेनं असते, उत्तर उणे येईल.)

उपयोग? कॉस एक्स भागिले (१ अधिक एक्सचा वर्ग), याचं इंटिग्रल उणे अनंत ते अनंत. साध्या कॅल्क्युलसनं घाम फुटतो. इथं कॉसच्या जागी ईचा (ई म्हणजे साधारण २.७१८) आय झेड घात घ्या, सरळ रेषेवर त्याचा रिअल भाग कॉसच असतो, वरून मोठं अर्धवर्तुळ काढा, ते मोठं होईल तसा त्याचा वाटा विरून जातो, आत एकच देऊळ, म्हणजे जिथं छेद शून्य होतो असा बिंदू, उरतं, आयवर. तिथला रेसिड्यू (देवळापासूनच्या बाणाचा '१ भागिले' तुकडा किती पट आहे तो आकडा) गुणिले २ पाय आय, उत्तर पाय भागिले ई, साधारण १.१५६.

पुतणीनं भाकरी खाली ठेवली. "यात ई कुठून आला?"

आय झेड घातात झेडच्या जागी देवळाचा आय घातला की आय गुणिले आय, उणे १. तोच ईचा घात.