गाभडलेली गाय आणि ७०२ अक्षरं

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत सहा-सात महिन्यांची गाभण गाय गाभडली, की एक तर नजर लागलेली असते, नाही तर "लस टोचली म्हणून झालं" असं ऐकू येतं. मग शिंगाला काळा दोरा येतो, आणि पुन्हा तसंच झालं की गाय गुपचूप बाजार धरते. दोऱ्यानं निदान नुकसान तरी होत नाही. ती विक्री मात्र घातक, कारण गाभडण्यामागं बऱ्याचदा ब्रुसेला हा जिवाणू असतो आणि गायीबरोबर तोही दुसऱ्याच्या दावणीला जातो.

लसीवरच्या आरोपाचं उत्तर जिवाणूच्या जनुकक्रमात सापडतं. गायींना गाठणाऱ्या ब्रुसेला अबॉर्टसचा सगळा जनुकसंच सुमारे ३३ लाख अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एकेक दुवा), दोन गुणसूत्रांत विभागलेला. गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करा असते. ब्रुसेला तिच्यापुढं ग्लुकोजलाही विचारत नाही! म्हणून तो वारेत बेसुमार वाढतो, वार सुजते, वासराचं पोषण तुटतं.

कालवडींना देतात ती एस-१९ लस म्हणजे याच जिवाणूचा सौम्य वाण. १९२३ साली एका जर्सी गायीच्या दुधातून तो वेगळा केला होता. प्रयोगशाळेत वर्षभराहून जास्त काळ तसाच राहिला आणि त्याचा जहालपणा गेला. त्याच्या जनुकक्रमात एरिथ्रिटॉल पचवणाऱ्या जनुकांच्या रांगेतली सलग ७०२ अक्षरं गायब आहेत. पचनातलं पहिलं विकर (एन्झाइम) शाबूत असल्यानं तो शर्करेला फॉस्फेट जोडतो, त्यात एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची पडतो. पुढची पायरी मोडलेली, त्यामुळं अर्धवट पचलेला माल पेशीत साचतो, एटीपी संपत जातो आणि वाढ खुंटते. आवडता खाऊच त्याला बाधतो! मला या जिवाणूची हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

मात्र 'एक जनुक गेलं, रोग गेला' अशा मथळ्यांवर विसंबू नये. २००८ साली एस-१९चा पूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा जहाल वाणांपेक्षा त्यात इतरही बरेच फरक दिसले.

तरी ओळख पटवायला ती रिकामी जागा फार कामाची. गाभडलेल्या गायीच्या नमुन्यातल्या ब्रुसेलात ती ७०२ अक्षरं जागेवर असली, तर तो लसीतला नव्हे, गोठ्यातून गोठ्यात फिरणारा वाण. नसली, तर लसीकडं बोट दाखवायला जागा आहे. ही लस जिवंत असते, गाभण जनावराला दिली तर धोका असतोच. म्हणून ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच टोचतात.

हा शोध घ्यायचा तर नमुना हवा, आणि आपल्याकडं वार उकिरड्यावर किंवा कुत्र्यांपुढं जाते. अडकलेली वार उघड्या हातानं ओढणाऱ्यालाही हा जिवाणू गाठतो: चढउताराचा ताप, घाम, महिनोन्‌महिने सांधेदुखी. हातमोजे घाला, पशुवैद्यांना आधी बोलवा, त्यांनी नमुना घेतला की वार चुना टाकून खोल पुरा. निरसं दूध पिऊ नका, उकळून घ्या. आणि तपासणी होईपर्यंत ती गाय बाजारात नेऊ नका.