भाव तोच, वरचं वेगळं

खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या या माणसाचा हिशेब एका आखाजीला मिटतो आणि त्याच सुमारास पुढच्या सालाची बोली होते. बोलीत रोख रकमेचा आकडा आधी निघतो, पण साल जुळतं किंवा मोडतं ते बहुतेक वेळा त्यानंतरच्या बोलण्यावर, म्हणजे रोखीच्या वर काय मिळणार यावर.

आमच्या आजोबांच्या वहीत एका सालदाराच्या नावापुढे रोख रक्कम एका ओळीत आहे आणि खाली सहा ओळी वस्तूंच्या आहेत: ज्वारी, दोन धोतरं, बंडी, पावसाळ्याआधी जोडा, घोंगडी, पोळ्याला नवी टोपी. जोड्याची ओळ खोडून पुन्हा लिहिलेली आहे. आधी ‘एक जोड’ होतं, मग ‘दोन’ झालं. घरात सांगायचे की त्या वर्षी शेजारच्या शेतकऱ्याने त्याच सालदाराला बोलावणं धाडलं होतं. गावात सालाचा भाव ठरलेला. आजोबांनी रोख वाढवली असती तर दुसऱ्या दिवशी गावातला प्रत्येक सालदार तेवढीच मागायला आला असता आणि बाकीच्या शेतकऱ्यांनी आजोबांना बोल लावला असता. जोड्याचा मात्र भाव होत नाही. तो ‘वरचा’.

नोकरदारांना पगाराशिवाय मिळणाऱ्या सवलतींचा, ज्यांना आता वेतनेतर लाभ म्हणतात, त्यांचा इतिहास वाचताना मला ही खोडलेली ओळ सारखी आठवते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 1942 साली तिथल्या सरकारने महागाई रोखण्यासाठी पगारवाढीला लगाम घातला. माणसं सैन्यात गेलेली, कारखान्यांना हात पुरेनात आणि पगार तर वाढवता येईना. मग मालकांनी आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन देऊ केलं, कारण ते या बंधनातून मोकळं ठेवलेलं होतं. अमेरिकेत आजही आरोग्य विमा नोकरीला बांधलेला दिसतो, त्याचं मोठं कारण तिथे आहे. जिथे भाव बांधला जातो, तिथे ‘वरचं’ वाढतं.

आपल्याकडे गिरण्या आणि रेल्वेने हे वेगळ्या गरजेपोटी केलं. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली. शेतातून आलेला माणूस गिरणीत टिकेना. तिथे 1886 साली पेन्शन फंड आणि 1895 साली अपघात भरपाईची सोय झाली. कायदा तसं करायला सांगत नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 साली आठ तासांचा दिवस आला, 1920 साली पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी. देशभरासाठी भविष्य निधीचा कायदा व्हायला 1952 साल उजाडलं.

भुसावळकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथे क्वार्टर, रेल्वेचा दवाखाना, रेल्वेची शाळा, इन्स्टिट्यूट (रेल्वेचा क्लब) आणि सगळ्यांत वर फुकट प्रवासाचा पास. ‘पासवर जाऊन आलो’ हे वाक्य ज्या घरात वाढलं, त्या घरातल्या पोरांनी रामेश्वर पाहिलं. त्याच पगाराच्या दुसऱ्या घराने नाशिकही जपून पाहिलं. सोयरीक ठरवताना मुलगा ‘रेल्वेत’ आहे म्हटलं की पगार विचारायच्या आधी पास आणि क्वार्टर डोळ्यांपुढे यायचे. आणि क्वार्टरची दुसरी बाजूही तिथल्याच लोकांना कळते: नोकरी संपली की छप्परही जातं.

‘वरचं’ हक्काचं कसं होतं, हे बोनसच्या कहाणीत सर्वांत स्वच्छ दिसतं. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत, 1917 साली, मुंबईच्या गिरण्यांनी पगारावर 10 टक्के जादा रक्कम दिली. पुढे दरवर्षी ती मिळत गेली. 1923 सालचा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा 1924 च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या समितीने निर्णय दिला की कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क नाही. संप फसला. पण पाच-सहा वर्षं हातात पडलेली रक्कम ही मालकाची मर्जी आहे, हे कामगाराला मान्य होईना. 1965 साली बोनसचा कायदा आला आणि आज किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याचा पगार आहे. अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगावच्या गिरण्यांच्या चाळींत दिवाळी ज्या रकमेवर उभी राहायची, तिच्यामागे हा सगळा झगडा आहे. कारखान्यातलं कँटीन (तेव्हा 250 हून अधिक कामगार असतील तर) आणि पाळणाघर हेही 1948 च्या कारखाना कायद्याने असंच मर्जीतून हक्कात आणलं.

हल्लीच्या बातम्यांतल्या सवलती वेगळ्या वाटतात, पण सूत तेच. सुरतेच्या एका हिरे व्यापाऱ्याने 2018 च्या दिवाळीत कारागिरांना 600 मोटारी दिल्या. सुरत खानदेशाला परकी नाही, तिथल्या यंत्रमागांवर आपली कितीतरी माणसं आहेत. त्यामुळे ती बातमी गावागावांत पोचली. कसबी कारागीर दुसऱ्या पेढीवर जाऊ नये, ही धास्ती आजोबांच्या जोड्याइतकीच जुनी. झोमॅटोने 2020 साली मासिक पाळीसाठी वर्षाला 10 दिवसांपर्यंत रजा जाहीर केली, तेव्हा ती नवलाई ठरली. बिहार सरकारने मात्र आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस अशी रजा 1992 पासूनच दिलेली आहे. सरकारची नजरही या ‘वरच्या’वर गेली: 2005 साली अशा लाभांवर मालकांकडून वेगळा कर घ्यायला सुरुवात झाली, 2009 साली तो रद्द झाला.

या सगळ्यात सालदार कुठे राहिला, हे मला सलतं. 1936 च्या वेतन कायद्याने कारखाने आणि रेल्वेत मजुरी चलनातच द्यायची सक्ती केली. शेतीला तो लागू नव्हता. 1948 च्या किमान वेतन कायद्यातही, जिथे रूढी असेल तिथे, वस्तूंच्या रूपात मजुरी द्यायला वाट ठेवलेली होती. 1970 च्या दशकात शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने आदिवासी सालदारांच्या मजुरीचा आणि त्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न लावून धरला, तेव्हा साल ही दोन घरांमधली खासगी बोली असते हा समज पहिल्यांदा जोरात हलला. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. पण उचल घेऊन वर्षाला बांधून घेणं आणि वेठीला धरणं यांतली रेघ शिवारात नेहमीच पुसट असते.

आता सालदार मिळेनासे झालेत. तरणी पोरं सुरतेला, नाहीतर एमआयडीसीत. त्यामुळे बोली उलटली आहे. मागच्या आखाजीला आमच्या ओसरीवर बसलेल्या सालदाराने धान्य आणि कपडे नको म्हटलं, रोखीतच धरा म्हणाला. मग थोडं थांबून त्याने दोन गोष्टी मागितल्या: महिन्याला चार दिवस सुटी, आणि फवारणी करताना काही झालं तर दवाखान्याचा खर्च. माझ्या चुलतभावाने सुटी लगेच कबूल केली. दवाखान्याचं ‘बघू’ म्हणाला. सालदार म्हणाला, “दादा, तेबी वहीत लिही ले.”