'हो' म्हटलं की धडधड का थांबते?

आई-बापाचं मनाला लावून घेणारा पोरगा म्हणजे संस्कारी, असं आमच्या परभणीकडं सर्रास बोलतात. परवा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा भाचा सांगत होता, "मामा, मोबाइलवर 'पप्पा' दिसलं की छातीत धस्स होतं. सोयाबीन गेलं असंल, सोसायटीचं कर्ज थकलं असंल..." मग पप्पा काही बोलायच्या आत तो 'हो' म्हणून मोकळा होतो. ही धडधड म्हणजेच कर्तव्य, असं त्याला वाटतं. ते कर्तव्य नाही, ती भीती आहे.

मेंदूतल्या बदामाएवढ्या अमिग्डालानं धोक्याचा इशारा दिला की धडधड वाढवणारं अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. 'हो' म्हणताच जीव हलका होतो आणि ती सुटकाच मेंदूला बक्षीस वाटते. मानसशास्त्रज्ञ मोव्हरर यांनी 1947 मध्ये हे दोन पायऱ्यांत मांडलं: आधी एखादी खूण (इथं मोबाइलवरचं 'पप्पा') आणि त्रास यांची सांगड बसते, मग टाळल्यानं सुटका मिळते म्हणून टाळणं पक्कं होतं. 'नाही' म्हटल्यावर काय झालं असतं, हे मेंदूला कधी कळतच नाही.

'नाही' म्हणून धडधड आपोआप उतरेपर्यंत थांबलं, तरी जुनी भीती पुसली जात नाही. कपाळामागच्या व्हेंट्रोमीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या मदतीनं नवी आठवण तयार होते आणि ती अमिग्डालाला आवर घालते. ही आठवण जागेशी बांधलेली असते, कारण जागेची नोंद हिप्पोकॅम्पस ठेवतो. एका पिंजऱ्यात विझलेली उंदराची भीती दुसऱ्या पिंजऱ्यात परत येते. पुण्यातून फोनवर नीट बोलणारा पोरगा दिवाळीत घरच्या ओसरीवर गप्प होतो, तो याचमुळं. म्हणून घरीही सराव लागतो.

बहिणीनं भाच्याची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, गंडा बांधला. गंड्यानं वाटणारं बरंही त्याच घटकाभराच्या सुटकेतलं, शिवाय खरा उपाय लांबतो. 'आई-बाप विषारी, नातं तोडा' सांगणारे व्हिडिओही टाळायलाच शिकवतात. स्वतःचा निर्णय घेणं आणि माया ठेवणं एकमेकांच्या विरुद्ध नाही, हे तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम काइतचिबाशी यांनी आयुष्यभर मांडलं. झोपच उडाली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे.

मागच्या आठवड्यात भाचा म्हणाला, "पप्पा, सोयाबीन काढायला पेपर झाल्यावर येतो." बराच वेळ हात गार होते म्हणे. पप्पा म्हणाले, "बरं. जेवला का?"