सफरचंदाचा निजलेला डोळा

गेल्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या काकांनी परसातल्या सफरचंदाच्या कलमाच्या बुंध्याशी रोज संध्याकाळी बर्फाचे खडे टाकायला सुरुवात केली. मुळांना ‘काश्मीरची थंडी’ मिळाली की गोव्यातही झाड फळते, असे त्यांनी एका चित्रफितीत पाहिले होते. झाडाला खिळा ठोकला की ते घाबरून फळते, या जुन्या समजुतीचीच ही नवी आवृत्ती आहे. सफरचंदाला थंडी लागते हे खरे, पण ती मुळांना लागत नाही.

फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1920 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. हिवाळाभर उबदार काचघरात ठेवलेल्या ब्लूबेरीच्या झाडाची एक फांदी त्याने बाहेरच्या थंडीत काढून ठेवली होती. वसंतात त्या फांदीला पालवी फुटली आणि आतल्या फांद्या मात्र निजूनच राहिल्या. मूळ एकच असताना हे घडले, म्हणजे थंडीची नोंद फांदीवरचा प्रत्येक डोळा (पालवी किंवा फुले फुटणारा अंकुर) स्वतःपुरती ठेवतो. सफरचंदाचेही तसेच आहे.

ही नोंद ठेवली जाते तरी कशी? वनस्पतीच्या शेजारशेजारच्या पेशी अतिसूक्ष्म नलिकांनी जोडलेल्या असतात आणि वाढीचे संदेश त्यांतून ये-जा करतात. डोळा निजतो तेव्हा या नलिकांच्या तोंडाशी कॅलोज नावाच्या, शर्करेच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या पदार्थाचे बूच बसते व डोळ्यातील पेशी एकमेकींपासून तुटतात. पुढे दीर्घकाळ थंडी पडली की ग्लुकॅनेज नावाची विकरे (एन्झाइम) हे बूच विरघळवतात आणि नलिका मोकळ्या होतात. बर्च आणि पॉप्लर या झाडांत हे तपशिलाने पाहिले गेले आहे. झोप टिकवण्यात ‘डॅम’ या जनुकगटाचाही वाटा असतो. हा गट सर्वप्रथम मेक्सिकोतल्या एका पीचमुळे लक्षात आला, कारण यातील जनुके गमावलेले ते झाड हिवाळ्यातही निजत नाही. थंडीचे तास जसजसे साठत जातात, तसतसा या जनुकांचा आवाज क्षीण होतो. बागायतदार सर्वसाधारणपणे 0 ते 7 अंश सेल्सिअसमधले तास मोजतात. ‘डेलिशस’ गटातल्या सफरचंदांना असे हजाराच्या घरातले तास लागतात, तर ‘अ‍ॅना’ या इस्रायली जातीला सुमारे 200 ते 300 पुरतात.

पणजीत मात्र जानेवारीच्या पहाटेही पारा 20 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या खात्यावर एकही तास जमा होत नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली, उष्णता सोसणारी ‘एचआरएमएन-99’ ही जात निश्चितच कौतुकास्पद आहे, परंतु तिच्या जाहिरातींत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे बिलासपूरच्या हिवाळी रात्री आपल्यापेक्षा कितीतरी थंड असतात.

तरीही एक वाट आहे आणि ती इंडोनेशियातल्या पूर्व जावातील बाटू येथील शेतकऱ्यांनी दाखवली आहे. सफरचंदाला निजण्याची चाहूल मुख्यतः घटत्या तापमानातून लागते. ते घटलेच नाही, तर डोळा गाढ निजत नाही, त्याला केवळ वरची पाने दाबून ठेवतात. त्यामुळे फळे काढून झाल्यावर तेथे हाताने सगळी पाने खुडतात. दाब उठतो, डोळे फुटतात, फुले येतात आणि वर्षात दोन बहर मिळतात. थंडीने झोप मोडण्याऐवजी येथे झोप लागूच दिली जात नाही. बाटू डोंगराळ आहे, त्यामुळे तिथल्याइतके पीक आपल्या किनारपट्टीवर येईल अशी आशा बाळगू नये.

लावायचेच असेल तर ‘अ‍ॅना’ आणि ‘डॉर्सेट गोल्डन’ यांची जोडी लावावी. सफरचंदाच्या फुलाची कुक्षिवृंती, म्हणजे परागाला बीजांडाकडे नेणारा स्त्रीकेसराचा दांडा, स्वतःच्या जातीचे पराग ओळखून त्यांची नलिका वाढू देत नाही, म्हणून जोडीदार लागतो, आणि या दोघांचा फुलोरा एकाच सुमारास येतो. बी पेरू नये, कारण बियांपासून आलेले झाड मातृवृक्षासारखे निपजत नाही. आपल्या जांभ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबले की बुंधा कुजतो, तेव्हा कलम उंचवट्यावर, कलमाचा सांधा मातीपासून वीतभर वर ठेवून आणि कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) सावलीपासून दूर लावावे. पावसाळा सरल्यावर पाने खुडावीत व उभ्या फांद्या दोरीने आडव्या बांधाव्यात, म्हणजे शेंड्याचा वरचष्मा कमी होऊन बाजूचे डोळेही फुटतात.

काकांनी आता बर्फ बंद केला असून ऑक्टोबरची वाट पाहत आहेत.