खाडीतील सूक्ष्म कवचधारी प्लवक

नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यात तरंगत जगणारे, बहुधा एक-दोन मिलिमीटरपेक्षा लहान असे कवचधारी प्राणी. यांत कोपेपॉड (वल्ह्यासारख्या पायांचे बारीक कवचधारी) बहुसंख्य असतात. त्यांच्या जोडीला पाणपिसवा (क्लॅडोसेरा) आणि कोळंबी-खेकड्यांच्या अळ्या. पुण्याला खाडी नाही. तरीही रायगड-ठाण्याच्या काही खाड्यांत गोडे पाणी किती उतरते, हे पुणे जिल्ह्यातल्या धरणांवरही ठरते, म्हणून हा विषय पुणेकरांना परका मानणे चूक आहे.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागातले पाणी जवळजवळ गोडे होते. उन्हाळ्यात खारे पाणी बरेच आत शिरते. अकार्शिया आणि स्यूडोडायाप्टोमस यांसारखे कोपेपॉड हा चढउतार सोसतात. नदीबरोबर वाहत आलेल्या गोड्या पाण्यातल्या पाणपिसवा मात्र क्षारता वाढली की टिकत नाहीत. समुद्री पाणपिसवा, उदा. पेनिलिया आणि इव्हाड्ने, त्या मानाने समुद्राच्या बाजूने येतात.

खरा प्रश्न टिकून राहण्याचा आहे. ओहोटी दिवसातून दोनदा पाणी समुद्राकडे ओढते आणि या प्राण्यांना प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही. तळाशी प्रवाह मंद असतो. म्हणून अनेक जाती ओहोटीला खाली जातात, भरतीला वर येतात आणि आपल्या पट्ट्यातच राहतात. स्यूडोडायाप्टोमस दिवसा तळाजवळ असतो; त्यामुळे माशांच्या नजरेपासूनही बचाव होतो. त्याची मादी अंड्यांची पिशवी अंगावर बाळगते. अकार्शिया अंडी पाण्यात सोडते. तिच्या काही जातींची अंडी चिखलात सुप्त राहून अनुकूल काळात फुटतात, म्हणजे गाळ उपसला की पुढची पिढीही उपसली जाते. अंड्यातून नॉप्लियस अळी निघते. तिच्या सहा आणि त्यानंतरच्या, प्रौढासारख्या दिसू लागलेल्या कोपेपोडाइटच्या सहा अवस्था असतात, शेवटची अवस्था प्रौढाची.

मुळशी, ठोकरवाडी, वळवण, शिरवटा या धरणांचे पाणी मुळात पूर्वेला भीमेकडे जाणारे. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांसाठी ते घाटाखाली वळवले गेले. केंद्रांतून सुटलेले पाणी पाताळगंगेवाटे धरमतर खाडीला, उल्हासवाटे वसई खाडीला आणि कुंडलिकेवाटे रेवदंड्याच्या खाडीला जाते. एरवी या नद्या उन्हाळ्यात जवळपास आटल्या असत्या. आता कोरड्या महिन्यांतही गोडे पाणी खाली उतरते. या खाड्यांतल्या प्लवकांचा अभ्यास करताना केवळ पाऊस मोजून भागत नाही, वीजकेंद्रांचा विसर्गही नोंदवायला हवा.

कोपेपॉड डायाटम (एकपेशीय शैवाल), इतर सूक्ष्म एकपेशीय जीव आणि सडका पालापाचोळा खातात. त्यांच्यावर माशांची पिल्ले आणि जवळा जगतात. पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात मिळणारा सुका जवळा हाही प्लवकच, मात्र आकाराने मोठा. खाडीत प्राणवायू घटला किंवा रसायने मिसळली तर त्याची झळ आधी या साखळीच्या खालच्या टोकाला लागते.

ओळख पटवण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. अकार्शिया, स्यूडोडायाप्टोमस ज्यात येतात त्या कॅलॅनॉइड गटातल्या नराचा एक स्पर्शक कोपरासारखा दुमडतो. मादीला पकडण्यासाठी त्याचा उपयोग होतो. जात मात्र बहुधा पाचव्या पायांच्या जोडीवरून ठरते, आणि ती जोडी सुईच्या टोकाने सुटी करून पाहावी लागते. पुणे परिसरातल्या तळ्यांत सापडणाऱ्या डायाप्टोमिड कोपेपॉडांतही हीच रचना दिसते, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला खाडीवर जाण्याआधी घराजवळच हात बसवता येतो. नमुना घेताना भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवणे आवश्यक आहे. जाळीचे छिद्र २०० मायक्रॉन असेल तर बहुतेक नॉप्लियस निसटतात. त्यांची मोजणी करायची असल्यास याहून बरीच बारीक जाळी वापरतात.