स्पेक्ट्रमचा लिलाव आणि विजेत्याचा शाप

मोबाईलचे दर वाढल्याची बातमी आली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. सरकारने स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाईलचे संदेश वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांचा, लिलाव करून कंपन्यांकडून हजारो कोटी रुपये उकळले, आता कंपन्या तो पैसा ग्राहकाच्या खिशातूनच काढणार, असे म्हटले जाते. हे ऐकायला सरळ वाटते, परंतु स्पेक्ट्रमच्या परवान्यासाठी एकदा भरलेली रक्कम कंपनीला परत मिळत नाही, आणि ती भरून झाल्यावर कोणत्या दराने सर्वाधिक नफा होईल हे ग्राहकांची मागणी व प्रतिस्पर्ध्यांचे दर ठरवतात. जिला ग्राहक सोडून जाण्याची भीती नाही, ती कंपनी परवाना फुकट मिळाला तरी चढाच दर लावील.

स्वस्त परवान्याचा लाभ कोणाला होतो, हे आपण पाहिलेले आहे. जानेवारी 2008 मध्ये दूरसंचार विभागाने ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर, 2001 मध्ये ठरलेल्या किमतीला, म्हणजे देशभरासाठी 1,658 कोटी रुपयांना परवाने दिले. अर्जांसाठी 1 ऑक्टोबर 2007 ही शेवटची तारीख जाहीर झालेली असताना प्रत्यक्षात 25 सप्टेंबरपर्यंतचेच अर्ज विचारात घेतले गेले. पुढे काही परवानाधारकांनी आपल्या कंपनीतील मोठा हिस्सा कितीतरी चढ्या मूल्याने परदेशी कंपन्यांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी असे 122 परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातील सर्व आरोपी डिसेंबर 2017 मध्ये विशेष न्यायालयात निर्दोष ठरले, परंतु वाटपाच्या पद्धतीतील दोष कोणी लाच घेतली की नाही यावर अवलंबून नाही. रांगेत पहिला कोण, एवढेच ज्या पद्धतीला कळते, तिला स्पेक्ट्रमचा उत्तम उपयोग कोण करील हे कळण्याची सोयच नसते.

लिलावाने हे कळते, पण कोणत्याही लिलावाने नव्हे, आणि लिलावाच्या शास्त्रातला मला सर्वांत मोहक वाटणारा भाग येथेच सुरू होतो. समजा, एका परवान्याचे खरे मूल्य 1,000 कोटी रुपये आहे, परंतु ते कोणालाच ठाऊक नाही. पाच कंपन्यांचे तज्ज्ञ आपापले अंदाज बांधतात: 700, 850, 1,000, 1,150 आणि 1,300 कोटी. या अंदाजांची सरासरी अगदी अचूक आहे. तरीही प्रत्येकीने आपला अंदाज मोहोरबंद पाकिटात घालून दिला, तर परवाना 1,300 वालीला मिळतो आणि तिला 300 कोटींची खोट बसते. लिलाव जिंकणे हाच आपला अंदाज सर्वांत जास्त फुगल्याचा पुरावा ठरतो. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या बोलींचा अनुभव असलेल्या तीन अभियंत्यांनी 1971 मध्ये हे दाखवून दिले, आणि याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. भारतात 1995 च्या मोहोरबंद निविदांत याच जातीचा प्रकार घडला. परिमंडळांसाठी, म्हणजे दूरसंचार सेवेसाठी पाडलेल्या देशाच्या विभागांसाठी, अवाच्या सवा रकमा देऊ करण्यात आल्या, पुढे शुल्क थकले, आणि अखेर 1999 च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली.

शहाणी कंपनी हा शाप ओळखून आपली बोली आधीच बरीच खाली आणते, आणि मग सरकारचे नुकसान होते. यावरचा उपाय उघड, चढत्या बोलीत आहे. भाव वर जाऊ लागला की 700 वाली आधी गळते, मग 850 वाली, मग 1,000 वाली. त्यांचे गळणे 1,300 वालीला दिसत असते आणि प्रत्येक टप्प्यावर ती आपला अंदाज दुरुस्त करून घेते. इतरांजवळची माहिती अशी भावात उतरत गेल्यामुळे तिची भीती कमी होते, आणि भीती कमी झाल्यामुळेच ती अधिक निर्धास्तपणे बोली लावू शकते. लासलगावच्या कांद्याचा उघड लिलाव आणि रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी हत्ता पद्धत यांच्यात नेमका हाच फरक आहे. अर्थशास्त्रज्ञ पॉल मिल्ग्रोम आणि रॉबर्ट वेबर यांनी 1982 मध्ये हे गणिताने सिद्ध केले. मिल्ग्रोम व त्यांचे गुरू रॉबर्ट विल्सन यांना 2020 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

परवाने अनेक असले की गुंता वाढतो. देशात 22 परिमंडळे आहेत (गोवा महाराष्ट्रात धरला जातो, मुंबई मात्र वेगळी). ती एकामागून एक विकली, तर मुंबईसाठी किती द्यावे हे ठरवताना पुढे महाराष्ट्र मिळेल की नाही हे ठाऊक नसते. म्हणून 2010 च्या थ्रीजी लिलावात सर्व परिमंडळांवर एकाच वेळी, फेरीफेरीने बोली लागल्या. एक महागले की कंपनी दुसरीकडे वळू शकत होती. फक्त शेवटी उडी मारू म्हणून दबा धरून बसणाऱ्यांसाठी एक नियम होता: जी कंपनी आधीच्या फेऱ्यांत पुरेशी बोली लावत नाही, तिचा पुढे बोली लावण्याचा हक्क आकुंचित होतो. हा लिलाव 34 दिवस, 183 फेऱ्या चालला आणि सुमारे 67,700 कोटी रुपये आले. प्रत्येक भावामागे ग्राहक, मनोरे आणि महसूल यांचा हिशेब होता. अंकशास्त्र्याच्या सल्ल्याने गाडीच्या ‘शुभ’ क्रमांकासाठी आरटीओत लाखो रुपये मोजणाऱ्यांच्या चढाओढीमागे तसला कोणताही हिशेब नसतो.

सरकारला लोभ सुटला की हेच यंत्र अडते. ऑक्टोबर 2016 मध्ये 700 मेगाहर्ट्झ पट्ट्याची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखालची बोली स्वीकारली जात नाही ती, इतकी चढी ठेवली गेली की त्यावर एकही बोली लागली नाही. 2021 मध्येही तो पडूनच राहिला आणि किंमत आणखी खाली आणल्यावर 2022 मध्ये त्याला गिऱ्हाईक मिळाले. न वापरलेला स्पेक्ट्रम कोळशासारखा उद्यासाठी शिल्लक राहत नाही. गेलेल्या वर्षांचा उपयोग गेला तो गेलाच.

उपग्रह सेवांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा सर्वसाधारण नियम ठेवून काही उपग्रह सेवांना मात्र प्रशासकीय, म्हणजे लिलावाविना होणाऱ्या, वाटपाच्या यादीत घातले, आणि त्यामागे भौतिकशास्त्रातील कारण आहे. जमिनीवरील अँटेना विशिष्ट उपग्रहाकडे रोखलेला असल्यामुळे एकच वारंवारता अनेक कंपन्या परस्परांना अडथळा न आणता वापरू शकतात. एकट्याचा हक्क विकायचाच नसेल, तर चढाओढ कशासाठी व्हावी? मग शुल्क किती असावे, हे पुन्हा नियामक प्राधिकरण आणि सरकार यांनाच ठरवावे लागते, आणि कंपन्यांच्या तोंडून मूल्य वदवून घेण्याची सोय तेथे उरत नाही.